गोव्यातल्या कारखान्यासाठी ओपन इनोव्हेशन: पहिल्या वर्षी नेमकं काय करायचं

गोव्यातल्या उद्योगांना अचानक रस्ता बदलावा लागणं नवीन नाही. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये बंदी उठली. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १५ मार्चनंतर खाणी पुन्हा थांबल्या. त्यांच्याबरोबर बार्ज (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी), ट्रक, वर्कशॉप, टायरवाले, खाणपट्ट्यातली गाडे-हॉटेलं सगळीच अडचणीत आली. २०१९ च्या सप्टेंबरात, पर्यटन हंगाम तोंडावर असताना, ब्रिटनची थॉमस कूक ही पर्यटन कंपनी बुडाली आणि चार्टर विमानांवर अवलंबून असलेल्या हॉटेलांचं गणित कोलमडलं. त्यानंतर सहा महिन्यांत लॉकडाऊन आलं.

अशा वेळी वळायचं तर हाताशी काहीतरी अर्धंमुर्धं का होईना तयार लागतं: दुसरं गिऱ्हाईक, दुसरा कच्चा माल, तपासून पाहिलेली दुसरी प्रक्रिया. हे सगळं स्वतःच्या पगारी माणसांकडून तयार करून ठेवायचं म्हटलं तर पन्नास-शंभर कामगारांच्या कारखान्याला परवडत नाही. बाहेरच्या संस्था, स्टार्टअप, पुरवठादार, विद्यार्थी यांच्याबरोबर छोट्या, मुदतबंद चाचण्या चालवल्या तर परवडतं. ओपन इनोव्हेशनचा, म्हणजे बाहेरच्यांना बरोबर घेऊन नवं शोधण्याचा, चपळपणाशी, म्हणजे चटकन रस्ता बदलता येण्याशी, संबंध इथे येतो. बाहेरून भन्नाट कल्पना येतील ही आशा दुय्यम आहे. चार दिशांना थोडे थोडे पैसे लावून ठेवता येतात आणि त्यातल्या तीन दिशा फारसं नुकसान न होता सोडून देता येतात, हा खरा फायदा.

'ओपन इनोव्हेशन' ही संज्ञा व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये रूढ केली. ज्ञान कंपनीच्या कुंपणाबाहेरून आत येऊ द्यायचं आणि आत पडून असलेलं बाहेर जाऊ द्यायचं, असा त्याचा गाभा. स्ट्रॅटेजिक चपळपणाबद्दल, म्हणजे कंपनीची दिशा चटकन बदलण्याबद्दल, इव्ह डोझ आणि मिको कोसोनेन या लेखकांनी तीन गोष्टी मांडल्या आहेत: बदलाची चाहूल लवकर लागणं, वरच्या माणसांचं लवकर एकमत होणं, आणि पैसा-माणसं एका कामावरून दुसऱ्या कामावर चटकन हलवता येणं. बाहेरच्यांबरोबर काम केल्याने पहिली आणि तिसरी गोष्ट सुधारते. दुसरीला त्याचा काही उपयोग नाही. मालक, फॅक्टरी मॅनेजर आणि अकाउंट्स यांची तोंडं तीन दिशांना असतील तर आधी ते मिटवा. नाहीतर पुढचं सगळं कागदावरच राहील.

अवलंबून कशावर आहात ते आधी लिहा

सुरुवात कल्पनांपासून करू नका. एक कागद घ्या आणि त्यावर चार रकाने पाडा: गिऱ्हाईक, कच्चा माल, परवाना किंवा नियम, आणि माणूस. प्रत्येक रकान्यात अशी एक गोष्ट लिहा, जी उद्या गेली तर उत्पन्नाचा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग जाईल. माणसाचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. पण वीस वर्षं बॉयलर किंवा मिक्सिंग सांभाळणारा एकच ऑपरेटर असतो, त्याच्या डोक्यातलं कुठेच लिहिलेलं नसतं, आणि तो निवृत्तीला आलेला असतो.

आता प्रत्येक नोंदीपुढे लिहा: ही गेली तर पर्याय उभा करायला किती महिने लागतील? ज्या नोंदीपुढे सहापेक्षा जास्त महिने येतात, तिथे बाहेरची मदत शोधायची. बाकीच्या तूर्त सोडा. पहिल्या वर्षी दोन, फार तर तीन प्रश्न घ्या.

एक सावधगिरी. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांसारख्या जागी नोंदणी झालेल्या प्रक्रियेला हात लावला की चेंज कंट्रोल (बदलाची नोंद आणि मंजुरी), व्हॅलिडेशन (प्रक्रिया पुन्हा तपासून सिद्ध करणं) आणि नियामकाकडची कागदपत्रं आलीच. स्टार्टअपबरोबरची बारा आठवड्यांची चाचणी तिथे मुळातच बसत नाही. तिथले प्रश्न प्रक्रियेच्या बाहेरून निवडा: सांडपाणी, वाफ आणि वीज, गोदामातली हाताळणी, पॅकिंग लाइनवरचा खोळंबा. सांडपाण्याच्या यंत्रणेत काही बदलणार असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात काय लिहिलंय ते चाचणीपूर्वी वाचा, मशीन बसवल्यावर नको.

प्रश्न एका पानात मांडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाहेरच्या माणसाला तुमचा धंदा माहीत नसतो, आणि तेच त्याचं बळ असतं. पण प्रश्न ढिसाळ असेल तर तो स्वतःला येतं तेच विकून जातो. 'आमच्या कारखान्यात ऑटोमेशन आणायचंय' असं म्हणाल तर सेन्सरवाला सेन्सर विकेल आणि सॉफ्टवेअरवाला डॅशबोर्ड.

काजू प्रक्रियेचं उदाहरण घेऊ, कारण गोव्यात तो कारखाना कसा चालतो हे बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. बी उकडून, फोडून गर निघतो. तो बोरम्यात (गरम हवेच्या वाळवणी भट्टीत) वाळवतात म्हणजे वरची तांबडी साल सुटते. गर जास्त वाळला, आर्द्रता ३ टक्क्यांच्या खाली गेली, की तो ठिसूळ होतो आणि सोलणीत फुटतो. कमी वाळला तर साल चिकटून राहते, मग हाताने खरवडताना फुटतो. अख्ख्या गराची प्रतवारी एका पौंडात किती गर बसतात यावरून होते: डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० वगैरे. तोच गर फुटला की पाकळी किंवा तुकडा म्हणून जातो आणि भाव बराच खाली येतो. म्हणजे नफ्याचा मोठा भाग सोलणीच्या टेबलावर ठरतो.

समजा, अशा एका कारखान्याने प्रश्न असा लिहिला: 'काजू सोलणीची कार्यक्षमता वाढवण्यासाठी नावीन्यपूर्ण उपाय हवेत.' यातून काहीच हाती लागणार नाही. तोच प्रश्न कामाचा व्हायचा तर असा:

'सध्या सोलणीनंतर वजनाने शंभरातले २२ किलो तुकडा निघतो. तो १५ वर आणायचा आहे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, तो २६ पर्यंत जातो. बोरमा बदलायचा नाही. त्याची वाफ, पंखे, ट्रेची मांडणी बदलता येईल. रसायन चालणार नाही. मशीन किंवा बदलाचा एकूण खर्च ६ लाखांच्या आत. गेल्या १२ महिन्यांचं बॅचनिहाय वजन, बोरम्याचं तापमान आणि बीचं मूळ ठिकाण देऊ. चाचणीच्या प्रत्येक दिवशी २०० किलो गर देऊ. निर्णय १५ डिसेंबरला.'

(आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही मोजून घाला.) सध्याचा आकडा, हवा तो आकडा, काय बदलायचं नाही, काय देणार आणि निर्णयाची तारीख, हे त्यात आलं पाहिजे. उपाय कसा असावा हे मात्र त्यात कुठेच लिहू नका. सेन्सर हवा की झडप हवी, हे समोरच्याला ठरवू द्या.

सध्याचा आकडा माहीत नसेल, आणि बऱ्याच ठिकाणी तो अंदाजाने सांगितला जातो, तर जाहीर करण्याआधी दोन आठवडे थांबून मोजा. मॅनेजर '१५ टक्के' म्हणतो आणि वजनकाटा वेगळंच सांगतो. हा फरक चाचणीनंतर कळला तर उपाय चांगला असूनही फसल्यासारखा दिसतो.

किती माहिती उघडी करायची याची भीती साहजिक आहे. कॅनडातल्या गोल्डकॉर्प या खाण कंपनीने २००० साली रेड लेक इथल्या खाणीचा भूगर्भीय डेटा इंटरनेटवर टाकला, जो खाणधंद्यात तिजोरीत ठेवायची वस्तू मानला जातो, आणि 'पुढचं सोनं कुठे शोधू?' असं जगाला विचारत ५ लाख ७५ हजार डॉलरची बक्षिसं लावली. पहिलं बक्षीस ऑस्ट्रेलियातल्या एका संयुक्त गटाला मिळालं. त्यांनी खाणीत पाऊल न टाकता तिचं त्रिमितीय मॉडेल बनवलं होतं. मात्र ही गोष्ट सांगताना एक मुद्दा निसटतो: गोल्डकॉर्पची जमीन आणि लीज तिच्याच नावावर होती. डेटा कुणीही पाहिला तरी सोनं दुसरा कुणी काढू शकत नव्हता. तुमच्या बाबतीत हीच कसोटी लावा. ही माहिती स्पर्धकाच्या हातात पडली तर तो तिचं काय करू शकेल? बोरम्याच्या तापमानाने तो फार काही करू शकत नाही. परदेशी गिऱ्हाइकाचं नाव आणि भाव यांनी करू शकतो. पहिलं द्या, दुसरं झाका.

घरातला मालक कोण

प्रत्येक प्रश्नाला कंपनीतला एकच माणूस जबाबदार हवा. ज्याच्या रोजच्या कामावर त्या प्रश्नाचा परिणाम होतो तोच हवा. काजूच्या उदाहरणात तो सोलणीचा सुपरवायझर किंवा प्रॉडक्शन मॅनेजर. आयटीवाला नव्हे, आणि एमबीए करून नुकताच आलेला मालकाचा मुलगा तर नव्हेच. त्याला आठवड्यातले चार तास लेखी मोकळे करून द्या आणि ठरावीक रकमेपर्यंत स्वतःच्या सहीने खर्च करायची मुभा द्या. ५० हजार रुपयांपर्यंतचा खर्च दर वेळी वर पाठवावा लागत असेल तर तीन महिन्यांच्या चाचणीतला एक महिना सह्यांमध्ये जातो.

पैशाचा अंदाज: एका चाचणीला सर्व धरून ३ ते ५ लाख बाजूला काढा. यात समोरच्याला द्यायचे पैसे, चाचणीत वाया जाणारा माल, मोजमापाची साधनं आणि आपल्या माणसांचा ओव्हरटाइम धरा. शेवटच्या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. ओव्हरटाइम न देता कामगारांकडून दुप्पट वजनं करून घेतली की तिसऱ्या आठवड्यात वहीतले आकडे संशयास्पदरीत्या सुबक यायला लागतात.

माणसं कुठे शोधायची

गोवा लहान आहे याचा इथे फायदा होतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठलीही संस्था सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत येण्याच्या अंतरावर आहे. पण कुणाकडे काय मागायचं हे कळलं पाहिजे.

दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्र, खाडी, गाळ, सागरी जीव यांच्यासाठी. जहाजबांधणी, मासळी प्रक्रिया, मिठागरं किंवा बंदराशी जोडलेला धंदा असेल तर आधी तिथे. जुन्या गोव्यातल्या एला इथली आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था काजू, नारळ, फळं, पशुधन यांसाठी. ताळगावच्या गोवा विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र आणि सागरी विज्ञान ही जुनी खाती आहेत. यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी फर्मागुढीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज, तिथलीच आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी आणि झुआरीनगरचं बिट्स पिलानी. स्टार्टअप गाठायचे तर त्यांना जागा आणि मार्गदर्शन देणारी केंद्रं, म्हणजे इन्क्युबेटर, गाठा: वेर्ण्याचं 'सीबा', फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजातलं 'फायर' आणि साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधलं अटल इन्क्युबेशन सेंटर. एकच स्टार्टअप शोधण्यापेक्षा इन्क्युबेटरच्या मॅनेजरला तुमचं एक पान द्या. कुणाला काय जमतं हे त्याला माहीत असतं. १९०८ पासूनची गोवा चेंबर (व्यापारी आणि उद्योजकांची संस्था) आणि इतर उद्योग संघटना यांच्याकडून दुसऱ्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने सापडतात, ज्यांच्यासमोर तोच प्रश्न असू शकतो. कुंडई, पिळर्ण, डिचोली इथले तीन कारखाने मिळून एक प्रश्न मांडतात तेव्हा संस्थाही जास्त गंभीरपणे घेतात.

विद्यार्थ्यांकडून स्वस्तात काम होईल हा गैरसमज आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो. तुमचा प्रश्न नोव्हेंबरमध्ये पोचला तर मुलं आधीच दुसऱ्या विषयावर असतात, आणि मे उजाडला की गट पांगतो. मुलांकडून मोजमाप, नमुना, प्राथमिक मॉडेल अशी कामं चांगली होतात. कारखान्यात रोज चालेल असं मशीन व्हावं ही अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका. त्यासाठी वर्कशॉपवाला लागतो. बार्ज आणि खाणींची यंत्रं दुरुस्त केलेली वर्कशॉप आजही गोव्यात आहेत. जाड पत्र्याचं, मिठाच्या हवेत टिकणारं काम त्यांना कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा चांगलं कळतं. डिझाइन संस्थेचं आणि बांधणी वर्कशॉपची, ही जोडी बहुतेक वेळा एकट्या स्टार्टअपपेक्षा सरस ठरते.

आणि आधीचे पुरवठादार. आजवर फक्त भाव पाडण्यासाठी बोलावलेल्या पुरवठादाराला एकदा प्रश्नाचं पान देऊन पाहा. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २००० नंतर बाहेरून कल्पना घ्यायचं धोरण ठरवलं, तेव्हा बटाट्याच्या चकत्यांवर चित्रं छापायची युक्ती तिला इटलीतल्या बोलोन्याच्या एका छोट्या बेकरीकडे सापडली. बेकरीवाला केकवर खाण्याच्या शाईने आधीपासून तेच करत होता. तुमचं उत्तरही शेजारच्या धंद्यात रोजच्या वापरात असू शकतं. बोरम्यातल्या दमट हवेचा प्रश्न लाकूड वाळवणाऱ्याने, औषधाच्या ड्रायरवाल्याने किंवा मसाले सुकवणाऱ्याने कधीच सोडवलेला असेल.

कागद: कुठे चुकतं ते आधी पाहा

इथे वकिलाचे पैसे वाचवू नका, पण वकिलाकडे जाताना काय मागायचं ते माहीत असू द्या.

गुप्ततेचा करार दोन-तीन पानांचा, दोन्ही बाजूंना बांधणारा, साधारण तीन वर्षांचा पुरतो. पहिल्या भेटीतच सही मागू नका. पहिल्या भेटीत गुप्त काही सांगूच नका, मग करारही लागत नाही. वीस पानांचा एकतर्फी करार पाहून चांगले लोक निघून जातात आणि ज्यांच्याकडे गमावण्यासारखं काही नाही ते उरतात.

बौद्धिक संपदेचे दोन भाग करा: जे ज्याने आधीच आणलं ते त्याचंच, आणि जे चाचणीत नवं तयार झालं त्याचं काय करायचं ते आत्ताच लिहा. 'दोघांचं समान' असं लिहायचा मोह होतो, न्याय्यही वाटतं. पण भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक पेटंट स्वतः वापरू शकतो, मात्र दुसऱ्याच्या संमतीशिवाय ते तिसऱ्याला लायसन्सवर देऊ शकत नाही, आपला हिस्साही विकू शकत नाही. दोन वर्षांनी स्टार्टअप बंद पडला, संस्थापक परदेशी गेले, आणि तुम्हाला सहीसाठी कुणी सापडत नाही, अशी वेळ येते. त्यापेक्षा पेटंट एकाच्या नावावर ठेवा आणि दुसऱ्याला ठरलेल्या क्षेत्रात वापराचा हक्क द्या. काजूच्या उदाहरणात: पेटंट स्टार्टअपचं, काजू प्रक्रियेत ते वापरायचा कायमचा हक्क कारखान्याचा, गोव्यात दुसऱ्या काजू कारखान्याला दोन वर्षं विकायचं नाही. लाकूड, मसाले, औषधं यांना ते खुशाल विकू देत. त्यातूनच ते जगतील, आणि जगले तर तुमचं मशीन दुरुस्त करायला येतील.

पेटंट घ्यायचंच असेल तर चर्चासत्रात, कॉलेजच्या प्रदर्शनात किंवा लिंक्डइनवर दाखवण्याआधी अर्ज टाका. उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकून मग १२ महिन्यांत पूर्ण अर्ज देता येतो. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. मूळ कंपनी परदेशात असेल तर तिकडे थेट अर्ज टाकू नका: कलम ३९ प्रमाणे आधी इथली परवानगी घ्यावी लागते, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं.

सॉफ्टवेअर बाहेरून लिहून घेतलं आणि पैसे दिले म्हणून ते आपोआप तुमचं होत नाही. लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. या दोन ओळी करारात आहेत का, ते स्वतः डोळ्यांनी पाहा.

शेवटी पैसे देणं. स्टार्टअप 'उद्यम' या सरकारी नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तुमच्या अकाउंट्सची '९० दिवस' ही सवय इथे चालणार नाही, आणि चार माणसांच्या स्टार्टअपचं दिवाळं तेवढ्यात निघतं. चाचणीच्या रकमेतले ३० टक्के सुरुवातीला, ४० टक्के यंत्र बसल्यावर, ३० टक्के मोजमापाचा अहवाल आल्यावर, अशी वाटणी बहुतेकांना चालते. शेवटचा हप्ता अहवालाला जोडा, यशाला नको. यशाला जोडलात तर अहवाल गोड येईल.

चाचणी

आठ ते बारा आठवडे, एका लाइनवर, एका शिफ्टमध्ये. त्याहून लांबली तर ती चाचणी न राहता संसार होतो.

तुलना कशी करता यावर सगळं अवलंबून आहे. काजूत मागच्या महिन्याचा तुकडा आणि या महिन्याचा तुकडा यांची तुलना निरुपयोगी, कारण मधल्या काळात बी बदललेली असते: गोव्याची बी, बेनिनची, गिनी-बिसाऊची, प्रत्येक वेगळी वाळते. हवेतला दमटपणाही बदललेला असतो. म्हणून एकाच लॉटचा गर मधोमध वाटा. १०० किलो जुन्या पद्धतीने, १०० किलो नव्या. त्याच दिवशी, त्याच सोलणी मशीनवर. आज जुनं आधी तर उद्या नवं आधी, कारण मशीन तापल्यावर वेगळं चालतं. बोरम्यातून काढताना प्रत्येक भागातून आर्द्रता मोजा, सोलणीनंतर अख्खा, पाकळी, तुकडा आणि न सोललेला असं चारही वजन घ्या. न सोललेला गर मोजला नाही तर नवी पद्धत तुकडा कमी दाखवते, आणि खरं काय असतं? गर कमी वाळलेला असतो, साल तशीच राहिलेली असते, आणि ती पुढे हाताने काढताना फुटते. चाचणीच्या वहीत सुंदर दिसणारा आणि ग्रेडिंगच्या टेबलावर रडवणारा हा प्रकार फार सर्रास होतो.

वजनं रोज कुणी घ्यायची, कुठल्या काट्यावर, हे भिंतीवर लिहून लावा. काट्याची तपासणी चाचणीआधी करून घ्या. चाचणीचा माल विक्रीच्या मालात मिसळू नये म्हणून वेगळ्या रंगाच्या पिशव्या ठेवा; खाद्यपदार्थ असेल तर यात तडजोड नाही.

थांबायचं कधी हे आधी ठरवा. उदाहरणार्थ: चार आठवड्यांत तुकडा २ टक्क्यांनीही कमी झाला नाही, किंवा न सोललेला ५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, तर थांबायचं. हे आधी लिहिलेलं नसेल तर 'अजून दोन आठवडे बघूया' सहा महिने चालतं, कारण तोवर प्रत्येकाचा मान त्यात अडकलेला असतो.

तारखा ठरवताना कॅलेंडर पाहा. गणेश चवथीच्या आठवड्यात निम्मे कामगार गावी असतात. पावसाळ्यात वीज जाते-येते, हवेचा दमटपणा शिखरावर. पावसाळ्याचाच प्रश्न असेल तर चाचणी पावसाळ्यातच हवी, फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेत मिळालेलं यश जुलैत टिकत नाही. पण मग यूपीएस आणि डेटा वाचवायची सोय आधी करा.

ऑपरेटरला पहिल्या दिवशी बोलवा, मशीन बसल्यावर नको. त्याला वगळलंत तर तो काही बिघडवणार नाही, फक्त मदत करणार नाही, आणि तेवढं पुरतं. नवं मशीन खडखडतंय हे त्याला सकाळी कळलेलं असतं, इंजिनिअरला संध्याकाळी कळतं.

निर्णयाचा दिवस आणि त्यानंतरची खरी अडचण

ठरलेल्या तारखेला तीनच उत्तरं: घ्यायचं, सोडायचं, किंवा एकदाच, जास्तीत जास्त सहा आठवड्यांनी वाढवायचं. चौथं उत्तर, म्हणजे 'कळवतो', बंद करा. नकार द्यायचा असेल तर पंधरा दिवसांत लेखी कारणासह द्या. गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. ताटकळत ठेवणारी कंपनी म्हणून नाव झालं की पुढच्या वेळी तुमचं पान कुणी वाचत नाही.

'घ्यायचं' ठरल्यावर बहुतेक प्रकल्प खरेदी खात्यात मरतात. व्हेंडर नोंदणीच्या फॉर्मवर तीन वर्षांचा ताळेबंद, किमान उलाढाल, आयएसओ प्रमाणपत्र मागितलेलं असतं. दोन वर्षांच्या स्टार्टअपकडे यातलं काहीच नसतं. चाचणी सुरू करायच्या दिवशीच खरेदी खात्याकडून एक ओळीची सवलत लेखी घ्या: चाचणीत उतरलेल्या पुरवठादाराला ठरावीक रकमेपर्यंत या अटी लागू नाहीत. त्या बदल्यात जोखीम झाका: मशीनची ड्रॉइंग्ज आणि सॉफ्टवेअरचा सोर्स कोड त्रयस्थाकडे ठेवायचा, स्टार्टअप बंद पडला तर तो तुम्हाला मिळेल असं करारात घालायचं, सुट्या भागांपैकी जे बाजारात मिळत नाहीत ते दोन संच आधीच घेऊन ठेवायचे.

आतला विरोधही येतो, बहुतेकदा गुणवत्ता किंवा मेंटेनन्सकडून. 'बाहेरच्याला आपलं काय कळतं' हे वाक्य ऐकू येईल. त्यावर भाषण देऊन उपयोग नाही. ज्या सुपरवायझरने चाचणी चालवली त्याचं नाव अहवालावर पहिलं घाला आणि वाचलेल्या पैशातला काही भाग त्याच्या खात्याच्या इन्सेंटिव्हमध्ये दिसू द्या.

दर तीन महिन्यांनी काय पाहायचं

एक चाचणी म्हणजे एक सौदा. चपळपणा येतो तो अशा दोन-तीन चाचण्या एकाच वेळी, वेगवेगळ्या टप्प्यांवर चालू असतात तेव्हा. तिमाहीला एकदा दोन तास बसा आणि सुरुवातीचा चार रकान्यांचा कागद पुन्हा काढा. बाहेर काही बदललं का? नियम, गिऱ्हाइकाची ऑर्डर, मालाचा भाव? बदललं असेल तर एका चाचणीतले पैसे आणि माणूस काढून दुसरीत टाका, भले पहिली चांगली चालली असेल. ही बैठक नुसत्या प्रगतीच्या अहवालावर संपत असेल, एकाही बैठकीत काहीच बंद होत नसेल, तर कार्यक्रम शोभेचा झालाय असं समजा.

मोजायला तीन आकडे पुरे: प्रश्न लिहिल्यापासून पहिली चाचणी सुरू व्हायला लागलेले दिवस, नको ते थांबवायला लागलेले दिवस, आणि त्या कागदावरच्या नोंदींपैकी किती नोंदींपुढचे 'महिने' कमी झाले. किती स्टार्टअपना भेटलो, किती हॅकेथॉन केल्या, याची मोजदाद वार्षिक अहवालासाठी ठेवा.

आतून बाहेर जाणाऱ्या गोष्टीही याच बैठकीत पाहा, पण त्यावर पहिल्या वर्षी फार वेळ घालवू नका. न वापरलेलं मशीन, बंद पडलेल्या उत्पादनाचं तंत्र, रोज निघणारा टाकाऊ माल: प्रत्येकी एक ओळ लिहून इन्क्युबेटरला पाठवा. काजूचं टरफल, बोंडूचा रस काढल्यावर उरणारा चोथा, जहाजाच्या पत्र्याचे तुकडे, याला कुणीतरी गिऱ्हाईक असू शकतं. भाडं किंवा लायसन्स फी किरकोळ येईल. पण त्या निमित्ताने जो माणूस दारात येतो, तो पुढच्या वर्षीच्या यादीत उपयोगी पडू शकतो, म्हणून त्याचं नाव, त्याला काय जमतं आणि भेटीची तारीख एका वहीत लिहून ठेवा, आणि ती वही खरेदी खात्याकडे न देता चाचणीसाठी जबाबदार असलेल्या माणसाकडे ठेवा.